अर्ध्या हळकुंडाने पिवळे

सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला तिचं कौतुक तिच्यावरच्या म्हणींसाठी जास्त आहे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण होते आणि काढणी थेट पुढच्या वर्षी. आठ-नऊ महिने पीक जमिनीत. मग हळकुंडं शिजवायची, उन्हात चांगली वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठे ती सौद्याला जातात.

एवढी वाट पाहिलेल्या कुणालाच 'पी हळद नि हो गोरी' सुचली असणार, असं मला मनापासून वाटतं. त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. घोटभर हळद प्यायची आणि लगेच आरशात बघायचं, बस्स. नोकरीला लागून महिना होतो न होतो तोच बढतीच्या गोष्टी करणाऱ्या माझ्या आतेभावाला आत्या हेच म्हणाली. तो खळखळून हसला आणि विषय संपला. धीर धर म्हणाली असती, तर त्यानं तासभर वाद घातला असता.

'अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे' तर त्याहून खोल. हळकुंड सहाणेवर उगाळून पाहा, बोटांचा रंग सहजी जात नाही. म्हणजे पिवळं व्हायला अर्धं खरंच पुरतं! फुशारक्या मारणाऱ्याला ही म्हण खोटारडा ठरवत नाही. त्याला थोडंफार यश खरोखर मिळालेलं असतं, फक्त उरलेलं अर्धं हळकुंड त्याला दिसत नाही. माणसाकडे इतक्या न्यायानं बघणं मला फार मोलाचं वाटतं.

नाग स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या बिळात शिरतो. म्हणून 'आयत्या बिळावर नागोबा'. पळस सांगलीतला असो की गडचिरोलीतला, एका देठावर तीनच पानं. कुणीतरी आधी नीट पाहिलं आणि मग माणसाबद्दल बोललं. रोज सकाळी मोबाईलवर येणाऱ्या सुविचारांत ही पाहिलेली वस्तूच नसते. 'स्वतःवर विश्वास ठेवा' हे वाचून डोळ्यांपुढे काय येणार?

कोकणात मासळीवरून, विदर्भात कापसावरून अशी वाक्यं घराघरांत असतीलच. तुमच्याकडची मला जरूर कळवा. मात्र नुसती म्हण नको. ती कोण, कुणाला, कशावरून म्हणालं तेही लिहा.