तीन ओळींचा पॅच

आमच्याकडे रोज रात्री पायथन भाषेतलं एक छोटं ओपन सोर्स टूल चालतं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं. ठिकठिकाणच्या लॉग फाइल्स, म्हणजे केव्हा काय घडलं याच्या नोंदी, एका साच्यात आणायच्या, एवढंच त्याचं काम. चार वर्षं निमूट चाललं, त्यामुळे ते कोण सांभाळतं हे बघायची वेळच आली नाही. मग एक नवा सोर्स जोडला आणि त्याच्या नोंदींच्या वेळा अर्ध्या तासाने चुकायला लागल्या, तेव्हा कुठे टूलची रिपॉझिटरी, म्हणजे कोड ठेवलेली जागा, उघडली. सांभाळणारा एकच, तोही नोकरी करून उरलेल्या वेळात. उघडे इश्यू, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी, १४०.

मीही एक टाकला. शेवटचं वाक्य होतं, ‘हे अजून दुरुस्त का झालेलं नाही?’ जणू त्याचा पगार मीच देत होतो. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं: ही चूक पकडणारी, म्हणजे आत्ता फेल होणारी टेस्ट लिहून देता का? डोकंच फिरलं. सरळ पैसे मोजून दुसरं टूल घेऊ, असंही टीममध्ये बोलून झालं. त्या विकतच्या टूलच्या डिपेंडन्सी, म्हणजे ते आत वापरतं ती दुसरी टूल्स, बघितल्या, तर आत हेच निघालं.

मग मुकाट्याने फोर्क केला, म्हणजे कोडची स्वतःची प्रत काढली. चूक दहा मिनिटांत सापडली: ऑफसेटच्या, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या फरकाच्या, सेकंदांना ३६०० ने भागून नुसते तास ठेवले होते, वरची मिनिटं गळत होती. भागाकार आणि बाकी एकदम देणारं डिव्हमॉड वापरून तीन ओळी बदलल्या, भारताच्या +०५:३० ची टेस्ट हिरवी, म्हणजे पास झाली, बदल स्वीकारा म्हणून पुल रिक्वेस्ट पाठवून दिली.

रिव्ह्यूत टूल सांभाळणाऱ्याने एकच शब्द लिहिला: ‘न्यूफाउंडलंड?’

मला आधी कळेचना. कॅनडातल्या या बेटावरची प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेतीन तास मागे, म्हणजे उणे १२६०० सेकंद. त्याला ३६०० ने भागलं की पायथन भागाकार खालच्या पूर्णांकावर नेतो: उणे ४, बाकी १८००. माझा कोड −०३:३० च्या जागी −०४:३० छापत होता. आधी चूक अर्ध्या तासाची होती, ती मी दुरुस्त करून एक तासाची केली होती. चिन्ह वेगळं काढून पुन्हा लिहिलं. मग विंडोजवर सीआय, म्हणजे आपोआप होणारी तपासणी, पडलं, मग चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, राहिला. बदल मूळ कोडमध्ये मर्ज व्हायला अडीच महिने लागले.

या टूलसाठी कंपनीने दरमहा थोडे पैसे द्यावेत असं मला मनापासून वाटलं. वरून होकारही मिळाला. पण अकाउंट्सने व्हेंडरचा फॉर्म पाठवला, बिल मागितलं आणि विचारलं, बदल्यात मिळणार काय? टूल सांभाळणाऱ्याचं म्हणणं, ‘हा फॉर्म भरेपर्यंत माझे दोन इश्यू सोडवून होतील.’ शेवटी मी गिटहब स्पॉन्सर्स या देणगीच्या सोयीवरून स्वतःच्या खिशातले द्यायला लागलो आणि ऑफिसकडून पैशांऐवजी दर शुक्रवारचे दोन तास मागून घेतले. ते लगेच मिळाले!

कमिटचे, म्हणजे कोड थेट बदलायचे, अधिकार मागितले, तर तो नको म्हणाला. वाईट वाटलं नाही. एक्सझेड युटिल्स या फाइल्स आकसवणाऱ्या ओपन सोर्स टूलमध्ये एकाने दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, घुसवलं. दूरच्या संगणकावर लॉगिन करायच्या एसएसएचला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे कुणाला तरी खटकलं म्हणून ते सापडलं. तिथेही मूळ सांभाळणारा एकटा आणि थकलेलाच होता.

असलं टूल आता एआयकडून दुपारभरात लिहून मिळेल, मग याच्यात वेळ कशाला घालवतोस, असं एक सहकारी विचारतो. मिळेलही. पण दर ऑक्टोबरात पायथनची नवी आवृत्ती येते, तेव्हा ते पुन्हा चालतं करायचं कुणी, हे तो सांगत नाही. त्यापेक्षा माझे शुक्रवार परवडले.

इश्यू आता ९६ वर आलेत. बंद केलेले बरेचसे डुप्लिकेट होते. अर्ध्या तासाची तक्रार माझ्याआधी तिघांनी करून ठेवली होती. मी शोधलंच नव्हतं.