परड्यातलं तिरफळ आणि निळा पट्टा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सावंतवाडी-आंबोली रस्त्यावर तीन दिवस होतो, ते एकाच फुलपाखरासाठी : मलबार बँडेड पीकॉक. पहिला दिवस घाटातच वाया घालवला. धबधब्याजवळच्या ओल्या मातीवर ब्लूबॉटल फुलपाखरं बसली होती, पण आमचा पाहुणा झाडांच्या शेंड्यांवरून एकदाच झर्रकन गेला. फोटोत आलं नुसतं आभाळ.

संध्याकाळी दाणोलीत एका अंगणात तिरफळं वाळत घातलेली दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. या फुलपाखराची मादी अंडी घालते ती तिरफळाच्याच पानांवर! बांगड्याच्या तिखल्यात पडतं तेच हे तिरफळ. झाड कुठे आहे विचारलं, तर घरच्या काकी म्हणाल्या, "परड्यात. सांभाळून जावा, काटे आसत."

दुसऱ्या दिवशी आठ वाजताच परड्यात, म्हणजे घरामागच्या बागेत, जाऊन बसलो. खोडभर जाड काटे, शेजारी कुंपणाला घाणेरी फुललेली. साडेनऊला ऊन आलं आणि फुलपाखरू खाली उतरलं. काळ्या पंखांवर रुंद निळा-हिरवा पट्टा. हा रंग रंगद्रव्याचा नाही, पंखांवरच्या खवल्यांच्या सूक्ष्म रचनेचा आहे. म्हणून कोन बदलला की निळ्याचा हिरवा होतो. मी कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला सरकलो, तेव्हा कुठे मला हवा तो निळा मिळाला. फ्लॅश वापरू नका. मला तरी सकाळचं तिरपं ऊनच सगळ्यात चांगलं वाटलं.

मध पितानाही त्याचे पंख थांबत नाहीत. १/५०० सेकंदाच्या शटर स्पीडला सगळे फोटो हलले, १/२००० ला पट्टा धारदार आला. मॅक्रो लेन्ससाठी जितकं जवळ जावं लागतं तितकं ते येऊ देत नाही, ३०० मिमीची टेली (लांबून फोटो काढायची लेन्स) न्या. फुलपाखराच्या मागे धावू नका. ते त्याच फुलांवर फिरून येतं, आपण तिथेच बसून राहायचं.

याची गल्लत ब्लू मॉरमॉनशी होते. २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन काळं असतं आणि त्याच्या मागच्या पंखांवर मोठा निळा भाग असतो, आडवा पट्टा नसतो. बँडेड पीकॉक २०१८ पासून केरळचं राज्य फुलपाखरू आहे.

जाणाऱ्यांनी सावंतवाडीत मुक्काम करावा, पुढे आंबोलीकडे जाणारी एसटी मिळते. परडं खासगी असतं, विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पावसाळ्यानंतरही ओल्या गवतात जळवा असतात, पायमोज्यांत पँट खोचा.

निघताना खालच्या एका पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली. काकींना दाखवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली आणि मुलाला हाक मारून सांगितलं, ही फांदी एवढ्यात तोडायची नाही.