गव्हाआधी ताग: फुलावर गाडा

खरिपात रिकाम्या राहणाऱ्या रानात ऑगस्टच्या मध्याला हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवं पीकच मातीत कुजवण्यासाठी, एकरी 20 ते 25 किलो तागाचं बी फेका. 45 ते 50 दिवसांनी, फुलं दिसू लागली की रोटाव्हेटरने गाडा. इथे आठवडाभराची चालढकलही महागात पडते. खोड मोडून पाहा: कचकन तुटलं तर वेळ बरोबर, वाख, म्हणजे चिवट धागा, निघाला तर उशीर झाला. असा ताग कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र खातात, वर गहू पिवळा पडतो. गाडल्यावर ओल हवीच. पाऊस नसेल तर एक पाणी द्या. कुजायला तीन-चार आठवडे सोडा, म्हणजे 15 नोव्हेंबरच्या आत पेरणी साधते.

बागायती गव्हाला एकरी 48 किलो नत्र, 24 स्फुरद, 16 पालाश लागतं. पेरताना डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताची एक 50 किलोची गोणी, 33 किलो युरिया, 27 किलो पोटॅश द्या. उरलेला 52 किलो युरिया 21 दिवसांनी, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटताना, पाण्याच्या पाळीसोबत. ताग चांगला कुजला असेल तर हाच हप्ता कमी करा, पेरणीचा नको. युरिया स्वस्त आहे, त्यामुळे गोणीची बचत थोडीच. खरी कमाई भुसभुशीत, ओल धरणाऱ्या जमिनीची.