दार कुठे उघडणार, ते आधी सांगा

आज गावी घराच्या कामावर होतो. वायरमनने बेडरूमच्या बोर्डासाठी भिंतीवर खडूने चौकोन काढला आणि सुतार लगेच ओरडला, "अरे, दार तिकडेच उघडणारे, बोर्ड दाराआड जाईल!" चौकट अजून बसायची होती म्हणून बरं. बिजागऱ्यांची बाजू बदलली, एक पैसाही न घालवता काम झालं.

नेटवर्कचं मात्र मी हट्टाने लावून धरलंय. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यातून वायफाय पलीकडे पोचेपर्यंत अर्धमेलं होतं, ५ गीगाहर्ट्झच्या वेगवान वायफायचं तर विचारूच नका. म्हणून माडीवर, टीव्हीमागे आणि पडवीत कॅट-६ केबल, म्हणजे इंटरनेटची वायर. विजेच्या वायरींपासून लांब, वेगळ्या पाइपातून. आत नायलॉनची दोरी सोडून ठेवायची, म्हणजे पुढेमागे नवी केबल ओढता येईल. एका केबलला १०० मीटरची मर्यादा असते. आपलं घर म्हणजे काय राजवाडा नाही.

वायरमन म्हणतो, "साहेब, हल्ली सगळं वायरलेस झालंय की." म्हटलं, बाबा रे, राउटरला तरी वायर लागतेच ना!

तेवढ्यात आई: "देवघरात माळेसाठी एक प्लग हवा." इतके नकाशे काढले, पण हा एकातही नव्हता. उद्या भिंतींना कटर लागायच्या आत तेवढी खूण करून घ्यायचीय.