‘ते औषधात धरत नाही’ : मेलाटोनिन आणि माझी रात्रीची साखर

मधुमेहाच्या तपासणीला गेलं की आधी फॉर्म भरावा लागतो. ‘सध्या चालू असलेली औषधे’ या रकान्यात मी मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीखाली ‘मेलाटोनिन, रात्री’ असं लिहिलं. मेलाटोनिन म्हणजे रात्री शरीरात आपोआप तयार होणारं झोपेचं संप्रेरक; त्याचीच गोळी मी झोपेसाठी घेते. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर रेघ मारली. “सप्लिमेंट आहे ना? ते औषधात धरत नाही.” त्या रेघेचा राग अजून गेलेला नाही.

झोपेची तक्रार, गोळी सुरू होणं, झोप सुधारणं, हे सगळं सुरळीत झालं. पण झोप लागू लागली त्याच सुमारास दंडावर लावलेल्या, सतत साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख रात्री जेवणानंतर जास्त चढायला लागला आणि खाली यायला उशीर लावू लागला. जेवण तेच, मेटफॉर्मिनचा डोस तोच. नवीन होती ती फक्त गोळी. बाटलीवर ‘झोपण्यापूर्वी अर्धा तास’ एवढंच छापलेलं. जेवणाचा उल्लेख कुठेच नाही. माझं जेवण उशिरा होतं, म्हणजे शेवटचा घास आणि गोळी जवळजवळ एकत्रच पोटात जात होती.

मला एकच विचारायचं होतं : या दोन गोष्टींचा संबंध आहे का?

मधुमेहाच्या डॉक्टरांनी फाइल चाळली. फाइलमध्ये मेलाटोनिन नव्हतंच. “एचबीए१सी ठीक आहे, काळजी नको.” मी गोळीचं सांगितलं, तर म्हणाले, “झोपेचं झोपेच्या डॉक्टरांना विचारा.” झोपेच्या डॉक्टरांनी सांगितलं, “साखरेचं तिकडेच विचारा.” पुढच्या तपासणीला संगणकातून फॉर्म छापून आला, पुन्हा मेलाटोनिनशिवाय. मी हाताने लिहिलं, ते टाइप झालं नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, यादीत ते नाव निवडता येत नाही. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच. एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी असते. रोज रात्रीचे दोन-तीन तास वर गेले तरी तिच्यात ते सहज बुडून जातात. हे मी उभ्या उभ्या समजावत होते आणि मागे रांग खोळंबली होती. ज्या गोष्टीची नोंदच नाही तिचा परिणाम कोण शोधणार?

शेवटी वाचायला मीच बसले, आणि संताप आणखी वाढला, कारण हा विषय अजिबात नवखा नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर मेलाटोनिनचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू असतात. रात्री मेलाटोनिन वाढलं की इन्सुलिनचं स्रवणं मंदावतं. रात्री आपण खात नाही असं शरीर धरून चालतं, तेव्हा हे योग्यच आहे. पंचाईत होते ती अन्न आणि मेलाटोनिन एकाच वेळी रक्तात आल्यावर. २०२२ मध्ये स्पेनमधल्या ८४५ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोपेच्या चार तास आधी आणि एक तास आधी ग्लुकोज देऊन तुलना केली होती. उशिराच्या वेळी शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन साडेतीन पट होतं, इन्सुलिन कमी आणि साखर जास्त. एमटीएनआर१बी या, मेलाटोनिनच्या ग्राहकाच्या जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांमध्ये हा परिणाम ठळक होता. त्या जनुकाचा उपाशीपोटीच्या साखरेशी संबंध तर २००९ पासून माहीत आहे.

दुसरी बाजूही आहे. टाइप २ मधुमेह आणि निद्रानाश असलेल्यांना २ मिलीग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी दिली, तेव्हा तीन आठवड्यांत झोप सुधारली आणि साखर बिघडली नाही. हा अभ्यास २०११ चा. उलट टाइप २ मधुमेह असलेल्या पुरुषांना तीन महिने रोज १० मिलीग्रॅम दिल्यावर इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, सुमारे १२ टक्क्यांनी घटली. म्हणून गोळी वाईट की चांगली, असं कुणी एका शब्दात सांगितलं तर मी ऐकून घेत नाही. डोस किती, जेवणापासून किती अंतर, हे आधी विचारा.

मग मी एका कागदावर चार रकाने आखले : शेवटच्या घासाची वेळ, गोळीची वेळ, डोस, रात्रीची साखर. काही आठवड्यांच्या नोंदी भरल्या आणि सांगितलं, “हा कागद फाइलला लागल्याशिवाय मी उठणार नाही.” तो लागला. डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्यावर बोट ठेवून वाचलं. गोळी बंद केली नाही. जेवण अलीकडे आणायला आणि मध्ये निदान दोन-तीन तासांचं अंतर ठेवायला सांगितलं. डोसही कमी केला. आलेखाचा चढ उतरला, झोप टिकली. उपाशीपोटीची साखर मात्र होती तिथेच आहे. तरी माझ्या कागदाचा मला अभिमान वाटतो.

एक राहिलं. सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलात तर साखर खोटीच कमी दिसते, त्यामुळे विचित्र आकडा आला तर बोट टोचून खात्री करा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी दुसरी गोळी चालू असेल, तर जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने हलवू नका.

आणि बाटलीवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. कॅनडात ३१ उत्पादनं तपासली तेव्हा काहींमध्ये छापल्यापेक्षा ८३ टक्के कमी, तर एकात ४७८ टक्के जास्त मेलाटोनिन निघालं होतं. ब्रँड बदललात तर ती तारीखही कागदावर लिहा. चघळायच्या गोळ्यांमध्ये बहुधा साखरही असते, तीसुद्धा मोजा.