पुसून काढलेली लाट

“आई, हा पांढरा रंग लावलेला नाहीये. काळा पुसून काढलाय.”

लेक म्हणाली आणि मी पुन्हा वाकून पाहिलं.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत पेडर बाल्के या नॉर्वेजियन चित्रकाराचं ‘द टेम्पेस्ट’. साधारण १८६२चं. लाकडी फळी, १२ बाय साडेसोळा सेंटिमीटर, पोस्टकार्डाएवढीच. एवढ्याशा जागेत अख्खं वादळ!

आणि खरंच, फेस रंगवलेलाच नाही. पांढऱ्या थरावर पातळ काळा रंग, आणि तो ओला असतानाच झरझर ओढलेला, पुसलेला. जिथे काळं निघालं, तिथे खालचं पांढरं लाट होऊन वर आलं. बाल्के बोटंही वापरायचा. त्या हाताचा वेग अजून दिसतो.

१८३२मध्ये तो नॉर्वेच्या पार उत्तर टोकाला, नॉर्थ केपपर्यंत गेला होता. तो समुद्र त्याच्या चित्रांतून पुढे कधी गेलाच नाही. उतारवयात चित्रकलेवर पोट भरणं त्याने सोडलं होतं. अशी छोटी चित्रं तो स्वतःसाठीच काढत राहिला.

घरी आले तरी तेच डोक्यात आहे. कुणी बघणार नाही हे माहीत असताना इतका जीव ओतून काढलेलं असं काही तुम्ही पाहिलंय का?