पहिली ड्युटी मिळेपर्यंत

नर्स म्हणून नोंदणी क्रमांक हातात आला तेव्हा मला वाटलं, सगळ्यात अवघड काम संपलं. परीक्षा झाली, परवाना मिळाला, आता फक्त अर्ज करायचे. त्यानंतर पाच महिने मी घरी होते.

पहिल्या दोन महिन्यांत दिसेल त्या जाहिरातीला अर्ज पाठवला. आयसीयू, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, काहीच सोडलं नाही. बहुतेक ठिकाणी ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ अशी अट होती, तरी पाठवत राहिले. उत्तर जवळजवळ कुठूनच आलं नाही. रोज सकाळी मेल उघडायची आणि बंद करायची. त्या दिवसांत मला शिकवलेलं सगळं विसरत चाललंय अशी भीती बसली होती आणि ती मी कुणाला सांगितली नाही.

शेवटी कॉलेजमधल्या माझ्या एका सीनिअर ताईला बायोडेटा दाखवला. मेहनती, मनमिळाऊ, शिकण्याची आवड, असं मी त्यात लिहिलं होतं. ती म्हणाली, “हे तर सगळेच लिहितात. तू शेवटच्या पोस्टिंगला एका वेळी किती पेशंट बघत होतीस? स्वतःच्या हातानं काय काय केलंस?”

मी विद्यार्थिदशेतली लॉगबुकं काढून बसले. दोन दिवस लागले. शेवटची पोस्टिंग सर्जिकल वॉर्डला होती आणि तिथे मी सिस्टरांच्या देखरेखीखाली चार पेशंटची पूर्ण काळजी घेत होते: औषधं, ड्रेसिंग, इनटेक-आउटपुट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं), पुढच्या ड्युटीला हँडओव्हर. ट्रॅकिऑस्टॉमीचं, म्हणजे गळ्यातून श्वासनळीत बसवलेल्या नळीचं, सक्शन केलं होतं. सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, ड्रेसिंग नुसतं पाहिलं होतं. ताईनं बजावलं, “पाहिलेलं ‘पाहिलं’ म्हणूनच लिही. केलं म्हणून लिहिलंस आणि पहिल्याच दिवशी ट्रॉली पुढे ढकलली तर काय करशील?” आयसीयूचे अर्ज मी थांबवले. जिथे नवीन नर्सना घेतात असं जाहिरातीतच स्पष्ट होतं, तिथेच पाठवू लागले आणि प्रत्येक अर्जात त्या वॉर्डला लागणारं माझं काम वर आणलं. तीन आठवड्यांत दोन बोलावणी आली.

पहिली मुलाखत मी घालवली. मेट्रन मॅडमनी विचारलं, “ऑपरेशन होऊन सहा तास झालेत. रक्तदाब १२४/७८ होता, आता ९२/५८ आहे. नाडी ११८, श्वास मिनिटाला २६. काय कराल?” मी शॉकचे, म्हणजे शरीराला पुरेसा रक्तपुरवठा न होण्याचे, प्रकार सांगायला लागले. हायपोव्होलेमिक, सेप्टिक, कार्डिओजेनिक, प्रत्येकाची लक्षणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तोपर्यंत पेशंटजवळ कोण आहे?”

तो प्रश्न कितीतरी दिवस डोक्यातून गेला नाही. परीक्षेत आम्हाला कारणं लिहायची सवय लागते. वॉर्डात आधी हात पोहोचावे लागतात. मी घरी मोठ्यानं बोलून सराव सुरू केला. पेशंटला सोडून जायचं नाही, जागेवरूनच मदत बोलवायची. रक्तदाब मशीनवर विसंबून न राहता हातानं पुन्हा मोजायचा. ड्रेसिंग, ड्रेन (जखमेतून स्राव बाहेर काढणारी नळी) आणि पेशंटच्या अंगाखालची चादर बघायची, कारण रक्त ओघळून मागे साचतं आणि वरून ड्रेसिंग कोरडं दिसतं. लघवी किती झाली? शिरेतली कॅन्युला (सलाइनची बारीक नळी) चालू आहे का?

त्याच वेळी ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१२ मध्ये आलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली अर्ली वॉर्निंग स्कोअरची पद्धत मी नीट समजून घेतली; तिच्यात नाडी, श्वास, रक्तदाब अशा मोजमापांना गुण देऊन पेशंट बिघडतोय का ते ओळखतात. मुलाखतीतला तोच पेशंट तिच्यात घालून पाहिला. श्वास २६ म्हणजे ३ गुण, वरचा रक्तदाब ९२ म्हणजे २, नाडी ११८ म्हणजे आणखी २. बाकी सगळं नॉर्मल धरलं तरी बेरीज ७ होते आणि ७ म्हणजे तातडीनं टीम बोलवायची पातळी. या तिन्हींत सर्वाधिक गुण श्वासाला होते, आणि विद्यार्थी असताना आम्ही सगळ्यात घाईनं मोजायचो तो श्वासच. त्या दिवसापासून मी पूर्ण एक मिनिट मोजते.

डॉक्टरांना फोन कसा करायचा याचाही सराव केला. एसबार ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आली: काय चाललंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं आणि मला काय हवंय. नव्या नर्सची गाडी चौथ्या पायरीवर अडते. “सर, बीपी कमी आहे,” एवढं म्हणून आपण गप्प होतो. “तुम्ही लगेच येऊन बघा” हे वाक्य तोंडातून निघायला मला खरंच आरशासमोर उभं राहावं लागलं.

दुसऱ्या ठिकाणी लेखी गणितं होती. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब? दहा हजार भागिले २४०, म्हणजे साधारण ४२. हे जमलं. मुलाखतही बरी झाली आणि त्यांनी तिथेच नोकरी देऊ केली. मी विचारलं, “सोबत सीनिअर सिस्टर किती दिवस असतील?” उत्तर आलं, “दहा दिवसांनी नाइट. स्टाफ कमी आहे, एकटीनं सांभाळावं लागेल.”

मी नाही म्हटलं. घरी आई दोन दिवस नीट बोलली नाही. चार महिने झाले होते आणि आलेली नोकरी मी परत पाठवली होती. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण इन्सुलिन किंवा हेपॅरिनसारखी औषधं दुसऱ्या नर्सकडून तपासून घ्यायची असतात. ०.५ चा बिंदू दिसला नाही तर डोस दहापट होतो. रात्री दोन वाजता ते तपासायला दुसरं कुणी नसेल, तर माझ्या शंकेची किंमत पेशंट मोजणार. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. त्यांत ‘सक्षम’ हा तिसरा टप्पा एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं घालवल्यावर येतो. मग दहा दिवसांत मी तिथे पोहोचल्याचं नाटक कुणासाठी करायचं?

तिसरी मुलाखत सर्जिकल वॉर्डसाठी होती. पेशंटचा प्रश्न तिथेही आला, आकडे वेगळे होते. या वेळी मी पेशंटजवळून सुरुवात केली. एका औषधाबद्दल विचारलं ते मला आठवेना. मी म्हटलं, “आत्ता नक्की सांगता येत नाही. पुस्तकात किंवा फार्मसिस्टकडे बघितल्याशिवाय मी ते देणार नाही.” मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. शेवटी माझे प्रश्न मी विचारले: प्रिसेप्टर (सोबत राहून शिकवणाऱ्या सीनिअर सिस्टर) किती आठवडे, एका नर्सकडे किती पेशंट, नाइट कधीपासून. त्यांनी कपाटातून एक छापील यादी काढून समोर ठेवली. प्रत्येक कौशल्यासमोर तीन रकाने होते: पाहिलं, सोबतीनं केलं, एकटीनं केलं. “बारा आठवडे,” त्या म्हणाल्या, “आणि ही भरल्याशिवाय नाइट नाही.” मला तिथेच हो म्हणावंसं वाटलं, तरी पगार आणि बाँडच्या अटी लेखी मागून, वाचून मग सही केली.

पहिले आठवडे जड गेले. पाय सुजायचे, चार्टिंग मागे पडायचं, घरी आल्यावर एखादी नोंद राहिली का म्हणून झोप लागायची नाही. माझ्या प्रिसेप्टर सिस्टर दर ड्युटीच्या शेवटी पाच मिनिटं थांबायच्या आणि विचारायच्या, “आज कशाची भीती वाटली?” ते सांगताना दिवसभराचं ओझं उतरायचं.

नवव्या आठवड्यात दुपारी एका पेशंटचा श्वास मी मोजला, पूर्ण मिनिट. २५. सकाळी १६ होता. बाकी आकडे ठीक होते आणि पेशंट म्हणत होते, “सिस्टर, मी बरा आहे.” मी पुन्हा मोजला. मग फोन उचलला, चारही पायऱ्या सांगितल्या आणि शेवटी म्हटलं, “तुम्ही आत्ता येऊन बघा.” डॉक्टर आले. पेशंट वेळेवर हलवले गेले.

सिस्टर मागेच उभ्या होत्या, सगळा वेळ. त्यांनी यादी मागवली, ‘बिघडणारा पेशंट ओळखणे’ यापुढच्या तिसऱ्या रकान्यात सही केली आणि म्हणाल्या, “उद्यापासून हे तीन पेशंट तुझे. मी पलीकडच्या बाजूला आहे, हाक मार.”